संगणकाला मीटर लागतो तेव्हा : केंद्रीकृत संगणनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणक स्वतः विकत घेऊन चालवण्यापेक्षा त्याची ताकद दूरच्या डेटा सेंटरमधून (हजारो संगणक एकत्र ठेवलेल्या इमारतीतून), लागेल तेव्हा आणि लागेल तेवढीच घ्यायची, ही ‘क्लाऊड’ नावाने ओळखली जाणारी पद्धत आता सर्रास झाली आहे. तिच्याबद्दल पुन्हापुन्हा कानावर येणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरं. काही लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत.

नेमकं बदललं काय?

पूर्वी प्रोग्रॅम आणि फाइली आपल्याच यंत्रात असत. यंत्र बिघडलं की सगळं अडायचं, पण चालू असेपर्यंत सगळं आपल्या ताब्यात असायचं. आता हातातला फोन किंवा लॅपटॉप बराचसा दाखवण्यापुरता उरला आहे. शोध, साठवण, हिशोब, भाषांतर, फोटोतले चेहरे ओळखणं ही कामं डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर होतात. कंपन्यांचंही तेच. पूर्वी स्वतःची सर्व्हर रूम, तिचा एसी आणि तिच्यासाठी माणसं ठेवावी लागत. आता तासावर, कधी सेकंदावर भाडं भरून दुसऱ्याची यंत्रं वापरली जातात.

ही कल्पना नवीन आहे का?

अजिबात नाही. संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी 1961 मध्ये एमआयटी या अमेरिकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या शताब्दी समारंभातच सांगितलं होतं की, टेलिफोनप्रमाणे संगणनही एक दिवस सार्वजनिक सेवा म्हणून पुरवलं जाऊ शकेल. त्याच वर्षी एमआयटीत एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची ‘टाइम-शेअरिंग’ पद्धत करून दाखवली गेली. 1965 च्या सुमारास एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी हाती घेतलेल्या ‘मल्टिक्स’ प्रकल्पाचं तर उद्दिष्टच चोवीस तास चालणारी संगणन-सेवा उभारणं हे होतं.

मग मायक्रोप्रोसेसर, म्हणजे संगणकाची मुख्य चिप, स्वस्त झाले आणि वारं फिरलं. 1977 चा ॲपल टू, 1981 चा आयबीएम पीसी. संगणक टेबलावर आला आणि पंचवीसेक वर्षं तिथेच राहिला. तेव्हा आज घडतंय ते मेनफ्रेमच्या, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या अवाढव्य संगणकाच्या, काळाकडे परतणं आहे असं कोणी म्हटलं, तर ते निम्मं खरं आहे.

मग साठच्या दशकात अडलेलं 2006 नंतर कसं जमलं?

तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली म्हणजे वेगवान इंटरनेट. दूरचा संगणक जवळच असल्यासारखा भासायला हवा, नाहीतर कोणी तो वापरणार नाही. दुसरी गोष्ट व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका खऱ्या सर्व्हरचे सॉफ्टवेअरने अनेक स्वतंत्र सर्व्हर करणं. हे तंत्र आयबीएमच्या मेनफ्रेमवर साठच्या दशकातच होतं, पण साध्या, स्वस्त सर्व्हरवर ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलं.

तिसरी गोष्ट म्हणजे वाया जाणारी ताकद. कंपन्यांच्या सर्व्हर रूममधली यंत्रं बहुतेक वेळ जवळजवळ रिकामी बसून असत, कारण वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या दिवसाचा अंदाज धरून ती घेतलेली असत. हजारो ग्राहकांची गर्दीची वेळ एकाच क्षणी येत नाही. ती सगळी मागणी एका ठिकाणी गोळा केली की तेच काम कमी यंत्रांत भागतं. ॲमेझॉनने मार्च 2006 मध्ये साठवणुकीची एस3 सेवा आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भाड्याच्या सर्व्हरची ईसी2 सेवा सुरू केली, ती याच गणितावर. गूगल 2008 मध्ये उतरलं आणि मायक्रोसॉफ्टची अझ्युर सेवा 2010 मध्ये खुली झाली.

याची तुलना नेहमी विजेशी का केली जाते? ती पटते का?

एका टप्प्यापर्यंत नेमकी पटते. पुढे ती दिशाभूल करते, आणि माझ्या मते या विषयातला खरा पेच तिथेच आहे.

आधी पटणारा भाग. एडिसनचं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर 1882 मध्ये सुरू झालं, तरी कारखाने पुढे बरीच वर्षं स्वतःच्याच जनित्रांवर चालत राहिले. चित्र पालटवण्यात मोठा वाटा होता सॅम्युअल इन्सल यांचा. एकेकाळी एडिसन यांचे सचिव असलेले इन्सल 1892 मध्ये शिकागोच्या वीज कंपनीचे प्रमुख झाले. वीजकेंद्राचा मोठा खर्च यंत्रसामग्रीचा असतो आणि ती सर्वाधिक मागणीच्या क्षणासाठी उभारावी लागते, हे त्यांनी ओळखलं. दिवे संध्याकाळी लागतात, कारखाने दिवसा चालतात, ट्राम सकाळ-संध्याकाळ धावतात. हे सगळे ग्राहक एकाच तारेवर आणले की यंत्रं दिवसभर कामात राहतात आणि युनिटचा दर उतरतो. रिकाम्या वेळेची वीज म्हणूनच ते स्वस्तात विकत. ॲमेझॉन 2009 पासून आपले रिकामे सर्व्हर ‘स्पॉट’ दराने, म्हणजे मागणीप्रमाणे बदलणाऱ्या स्वस्त दराने, विकतं, त्यामागचं तर्कशास्त्र इन्सल यांना एका मिनिटात कळलं असतं.

आता न पटणारा भाग. वीज सगळीकडे सारखीच असते. पुरवठादार बदलला तरी दिव्याला पत्ता लागत नाही. संगणनाचं तसं नाही. एका कंपनीच्या खास डेटाबेसवर बांधलेला प्रोग्रॅम दुसरीकडे नेताना पुन्हा लिहावा लागू शकतो, आणि साठवलेला डेटा बाहेर काढायला अनेक वर्षं वेगळे पैसे आकारले जात. शिवाय विजेच्या मीटरला फक्त युनिट कळतात. डेटा सेंटरमध्ये मात्र तुमची पत्रं, तुमचे आजार, तुमची हिशोबाची वही असते.

सर्वांत मोठा फरक बंधनांचा आहे. वीज कंपन्यांना आपापल्या भागात मक्तेदारी मिळाली, पण तिच्या मोबदल्यात दर ठरवणारे आयोग आले आणि मागेल त्याला जोडणी देण्याची जबाबदारी आली. गंमत म्हणजे, सरकारी नियंत्रण असावं असं 1898 मध्ये आपल्या व्यवसायबंधूंना सांगणारे खुद्द इन्सलच होते. तरीही त्यांचं कंपन्यांवर कंपन्या रचलेलं साम्राज्य 1932 मध्ये कोसळलं, हजारो गुंतवणूकदार बुडाले आणि 1935 मध्ये अमेरिकेला कडक कायदा करावा लागला. संगणनात मीटर आला आणि प्रचंड आकाराचे फायदेही आले. दर आयोग आला नाही, सेवा देण्याची सक्ती आली नाही. करारात जे लिहिलंय तेवढंच.

यात ग्राहक कंपनीचे पैसे खरंच वाचतात का?

कामावर अवलंबून आहे. मागणी चढउताराची असेल किंवा धंदा नवा असेल तर नक्की वाचतात. 2008 मध्ये डेटाबेस बिघडल्यामुळे नेटफ्लिक्सला, जी तेव्हा टपालाने डीव्हीडी भाड्याने देई, तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यानंतर कंपनीने ॲमेझॉनच्या यंत्रणेवर स्थलांतर सुरू केलं, ते 2016 च्या आरंभी पूर्ण झालं. एवढ्या मोठ्या, जाणत्या कंपनीला सात वर्षं लागली, हेही लक्षात घ्यावं.

लोकांच्या फाइली साठवणारी ड्रॉपबॉक्स ही कंपनी नेमकी उलट दिशेने गेली. तिची साठवणुकीची गरज प्रचंड, पण ठरावीक होती. तिने बहुतांश डेटा ॲमेझॉनवरून स्वतःच्या यंत्रणेवर आणला, आणि शेअर बाजारात येताना दिलेल्या कागदपत्रांनुसार दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचवले. बारा महिने लागणारी गोष्ट भाड्याने महागच पडते. पण ती स्वतः सांभाळणारी माणसं सगळ्यांकडे नसतात.

छोट्यांना फायदा झाला का?

झाला, आणि तो नाकारणं अप्रामाणिक ठरेल. चार माणसांचा गट आज संध्याकाळी जी गणनशक्ती भाड्याने घेऊ शकतो, ती पूर्वी बँका आणि विद्यापीठांनाच परवडायची. संशोधकाला एका रात्रीसाठी हजार सर्व्हर हवे असतील, तर ते मिळतात आणि सकाळी परत करता येतात.

नोकऱ्यांचं काय झालं?

जे यंत्रांजवळ होते त्यांचं काम हललं. सर्व्हर बसवणं, डिस्क बदलणं, बॅकअपच्या टेप सांभाळणं ही कामं कंपन्यांमधून कमी झाली. त्याऐवजी क्लाऊड सांभाळणाऱ्या अभियंत्यांची मागणी वाढली, पण ती दर वेळी त्याच माणसाला आणि त्याच गावात मिळाली असं नाही. डेटा सेंटर उभारताना बऱ्याच लोकांना काम मिळतं. चालवायला मात्र थोडी माणसं पुरतात.

याहून खोल परिणाम कंपनीच्या आकारावर झाला. 2012 मध्ये फेसबुकने इन्स्टाग्राम एक अब्ज डॉलरना घेण्याचा सौदा जाहीर केला तेव्हा तिथे 13 कर्मचारी होते, आणि सगळा डोलारा ॲमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हरवर उभा होता. फोटो वापरणारेच काढत होते, वापरणारेच चढवत होते. ज्या मालामुळे कंपनीला किंमत आली तो कोट्यवधी लोकांनी फुकट पुरवला होता. वीज स्वस्त झाल्यावर कारखान्यांना मोठ्या संख्येने कामगार लागले. संगणन स्वस्त झाल्यावर थोड्या माणसांनी अफाट धंदा करणं शक्य झालं. संपत्ती थोड्या हातांत गोळा होण्याचं हे एकमेव कारण नाही, पण महत्त्वाचं आहे.

एकाच ठिकाणी सगळं ठेवलं आणि तेच बंद पडलं तर?

तर एकाच वेळी खूप काही बंद पडतं. 28 फेब्रुवारी 2017 रोजी ॲमेझॉनचा एक कर्मचारी बिलिंग यंत्रणेतला दोष शोधत होता. त्याने दिलेल्या कमांडमध्ये चूक झाली, ठरवले होते त्यापेक्षा जास्त सर्व्हर बंद पडले आणि कित्येक वेबसाइट काही तास ठप्प झाल्या. सेवा चालू आहे की बंद हे दाखवणारं ॲमेझॉनचं स्वतःचं पानही त्याच यंत्रणेवर अवलंबून होतं, त्यामुळे तेही अद्ययावत करता येईना!

आगी तर खऱ्याखुऱ्या लागतात. मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं एक आख्खं डेटा सेंटर जळालं. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांच्यापैकी काहींचा डेटा कायमचा गेला. सप्टेंबर 2025 मध्ये दक्षिण कोरियातल्या डेजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली, शेकडो सरकारी सेवा थांबल्या आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवणाऱ्या यंत्रणेतला 858 टेराबाइट डेटा नष्ट झाला. त्याचा दुसरीकडे बॅकअपच नव्हता. म्हणजे केंद्र खाजगी असो वा सरकारी, धोका एका जागी गोळा होण्यात आहे.

उलट उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचं. मे 2024 मध्ये गूगल क्लाऊडमधल्या चुकीच्या मांडणीमुळे त्यांचं तिथलं खातंच पुसलं गेलं, दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रतींसकट. सहा लाखांहून जास्त सदस्यांना दिवसेंदिवस खातं उघडता आलं नाही. तरी डेटा परत मिळाला, कारण त्यांनी एक प्रत दुसऱ्याच कंपनीकडे ठेवली होती.

खरं सांगायचं तर मोठ्या कंपन्यांची डेटा सेंटरं एखाद्या कचेरीतल्या सर्व्हरपेक्षा कमी वेळा बंद पडतात. पण पूर्वी एकाचा सर्व्हर बसला की एकाचं काम थांबायचं. आता विमानतळ, बँक आणि दवाखाना एकाच मिनिटाला थांबू शकतात.

माझी माहिती नेमकी कुठे असते आणि तिला कोणत्या देशाचा कायदा लागू होतो?

कदाचित एकाच वेळी दोन-तीन देशांचा. 2013 मध्ये अमेरिकी तपास यंत्रणेने मायक्रोसॉफ्टकडे एका व्यक्तीचे ईमेल मागितले. ते होते आयर्लंडमधल्या सर्व्हरवर. मायक्रोसॉफ्टने नकार दिला, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल लागण्याआधीच मार्च 2018 मध्ये अमेरिकेने ‘क्लाऊड ॲक्ट’ हा कायदा केला. अमेरिकी कंपनीच्या ताब्यातला डेटा जगात कुठेही ठेवलेला असला, तरी योग्य आदेश असेल तर तो द्यावा लागेल, असं त्यात आहे. दुसरीकडे युरोपच्या न्यायालयाने जुलै 2020 मध्ये युरोपीय नागरिकांचा डेटा अमेरिकेत नेण्याची तेव्हाची व्यवस्थाच रद्द ठरवली, कारण तिथल्या पाळतीपासून पुरेसं संरक्षण नव्हतं. ‘सर्व्हर आमच्याच देशात आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. तो कोणाच्या मालकीचा आहे हेही पाहावं लागतं.

पैसे भरून घेतलेली गोष्ट माझी असते ना?

बहुतेक वेळा नाही. तुम्ही वापरण्याची परवानगी घेतलेली असते. जुलै 2009 मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून (ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावरून) विकत घेतलेली काही ई-पुस्तकं दुरूनच पुसून टाकली, कारण विकणाऱ्याकडे त्यांचे हक्क नव्हते. पैसे परत केले, पुढे माफीही मागितली. त्यात जॉर्ज ऑर्वेलची ‘1984’ ही कादंबरी होती, यावर वेगळी टिप्पणी नको.

फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबीने 2013 मध्ये आपली मुख्य सॉफ्टवेअर कायमची विकणं सोडून सबस्क्रिप्शनचा मार्ग धरला. ऑक्टोबर 2019 मध्ये अमेरिकी निर्बंधांचं कारण देऊन तिने व्हेनेझुएलातली सगळी खाती बंद करण्याचं जाहीर केलं. नंतर परवाना मिळाला आणि निर्णय मागे घेतला गेला. पण मधल्या दिवसांत तिथल्या चित्रकारांच्या आणि मुद्रकांच्या पोटापाण्याचं साधन एका परदेशी आदेशावर लटकलं होतं. डिस्कवर विकत घेतलेलं जुनं सॉफ्टवेअर असं कोणाला दुरून बंद करता आलं नसतं.

कंपनी एखाद्याला सेवा नाकारू शकते का?

शकते. ॲमेझॉनने डिसेंबर 2010 मध्ये गुप्त कागदपत्रं उघड करणाऱ्या विकिलीक्सला आणि जानेवारी 2021 मध्ये पार्लर या समाजमाध्यमाला आपल्या सर्व्हरवरून काढलं. या दोघांबद्दल माझं मत काहीही असो, तुमचं काहीही असो, प्रश्न वेगळा आहे. वीज कंपनीला तुमची मतं आवडली नाहीत म्हणून ती तुमची जोडणी तोडू शकत नाही. इथे कराराच्या अटींचं कारण पुरतं, आणि दाद मागायची तर कुठे, याचं सोपं उत्तर नाही.

पर्यावरणाला हे बरं की वाईट?

तेवढ्याच कामापुरतं पाहिलं तर बरं. हजार ठिकाणच्या अर्धवट वापरातल्या सर्व्हरपेक्षा एक मोठं केंद्र वीज जपून वापरतं. ‘सायन्स’ नियतकालिकात 2020 मध्ये आलेल्या अभ्यासानुसार 2010 ते 2018 या काळात डेटा सेंटरमधलं काम सुमारे साडेसहा पट झालं, पण विजेचा वापर फक्त 6 टक्क्यांच्या आसपास वाढला.

मात्र काम तेवढंच राहत नाही. वाफेची इंजिनं काटकसरी झाल्यावर कोळसा वाचला नाही, उलट जास्त जळला, हे इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी 1865 मध्येच दाखवलं होतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे 2024 मध्ये डेटा सेंटरांनी सुमारे 415 टेरावॅट-तास, म्हणजे जगातल्या विजेच्या दीड टक्का वीज वापरली, आणि 2030 पर्यंत हा आकडा दुपटीहून पुढे जाईल. दीड टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण ही केंद्रं जगभर समान पसरलेली नाहीत. आयर्लंडमध्ये 2015 साली मीटरवर नोंदलेल्या विजेपैकी 5 टक्के त्यांना जात होती, 2023 मध्ये 21 टक्के. तिथल्या शहरी घरांच्या एकूण वापरापेक्षाही ती जास्त होती. सेवा साऱ्या जगाला आणि भार एका जाळ्यावर, असा हा प्रकार.

एआयमुळे यात काय फरक पडला?

केंद्रीकरण आणखी घट्ट झालं. मोठी मॉडेल तयार करायला हजारो महागड्या चिप एकाच जागी, एकमेकींना जोडून लागतात. असा खर्च झेपणाऱ्या संस्था मोजक्याच. पूर्वी वीज कंपन्यांशी तुलना व्हायची. आता या कंपन्या थेट वीजकेंद्रांशीच करार करतात. सप्टेंबर 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टशी 20 वर्षांचा करार झाल्यावर अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड या अणुवीज केंद्राची 2019 मध्ये बंद झालेली 835 मेगावॅटची अणुभट्टी पुन्हा सुरू करण्याचं ठरलं.

उलट्या दिशेची एक हालचाल आहे. छोटी मॉडेल आता फोनवरही चालतात. तरी ताजं आणि ताकदवान ते सगळं भाड्यानेच मिळतं.

एका कंपनीला कंटाळलो तर दुसरीकडे जाणं सोपं आहे का?

अडला हरी, अशीच बहुतेकांची स्थिती असते. पण इथे थोडी सुधारणा झाली आहे. युरोपीय संघाचा ‘डेटा ॲक्ट’ सप्टेंबर 2025 पासून लागू झाला. त्यानुसार पुरवठादार बदलणाऱ्या ग्राहकाची अडवणूक करता येत नाही, आणि जानेवारी 2027 पासून स्थलांतराचे पैसेही घेता येणार नाहीत. तो लागू होण्याआधीच, 2024 मध्ये, गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी सोडून जाणाऱ्या ग्राहकांचं डेटा बाहेर नेण्याचं शुल्क माफ केलं. नियंत्रण आणलं की धंदा बुडतो म्हणणाऱ्यांनी हा क्रम पाहावा.

मग क्लाऊड सरकारी करून टाकावा का?

मला नाही वाटत. डेजॉनचं उदाहरण वर आलंच आहे. शिवाय सगळ्यांची पत्रं सरकारच्या कपाटात असणं ही कल्पना कंपनीच्या कपाटाइतकीच अस्वस्थ करते. मालकी कोणाची यापेक्षा वीज कंपन्यांवर घातली तशी बंधनं महत्त्वाची आहेत : सेवा तोडण्यापूर्वी कारण आणि मुदत देणं, दाद मागायला त्रयस्थ यंत्रणा, मोठ्या बिघाडाचा जाहीर अहवाल, डेटा नेता येईल असे समान नमुने. यातली एकही गोष्ट तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

पुन्हा सगळं घरच्या संगणकावर आणता येईल का?

हौस असेल तर बरंच काही आणता येतं. पण अपडेट, सुरक्षा, बॅकअप हे रोजचं काम मागे लागतं. बहुतेकांना ते झेपत नाही आणि झेपावं अशी अपेक्षाही चुकीची आहे.

निदान मी स्वतः काय करू?

जे गेलं तर परत मिळणार नाही, त्याची एक प्रत क्लाऊडबाहेर, स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवा. दोन फोल्डर एकाच खात्यात असणं म्हणजे दोन प्रती नव्हेत. खातं बंद झालं तर दोन्ही एकदमच जातात. बहुतेक मोठ्या सेवांमध्ये आपला सगळा डेटा उतरवून घेण्याची सोय असते, ती सेटिंगमध्ये खोल कुठेतरी सापडते. वर्षातून एकदा ती वापरा आणि उतरवलेल्या फाइली दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडतात का ते पाहा. सगळ्या लॉगिनची किल्ली एकाच ईमेलला बांधलेली असेल, तर बँक आणि सरकारी कामांसाठी दुसऱ्या कंपनीचा वेगळा पत्ता ठेवा. आणि खातं परत मिळवण्यासाठी दिलेले कोड कागदावर उतरवून घ्या, त्याच खात्यात साठवू नका.